व्हॉल्व्हवरचा माणूस : हायपरबेरिक चेंबरच्या तंत्रज्ञाची गोष्ट



इतिहास म्हटला की आपण राजे, लढाया आणि तह यांच्याकडे वळतो. आज मात्र एका नोकरीचा इतिहास पाहू. लष्करी रुग्णालयात हायपरबेरिक चेंबर चालवणाऱ्या तंत्रज्ञाची ही नोकरी. नाव अवघड असलं तरी काम समजायला सोपं आहे.

अभनपूरला बसून हा विषय कशाला, समुद्र इथून किती लांब, असं कुणी विचारेल. पण रायपूर ते विशाखापट्टणम हा जो सुमारे ४६४ किलोमीटरचा नवा महामार्ग होतो आहे, तो आपल्या अभनपूरजवळच्या झांकी गावापासूनच सुरू होतो. त्याच्या दुसऱ्या टोकाला नौदलाच्या पूर्व विभागाचं मुख्यालय आहे. म्हणजे आपल्या दारातून निघालेला रस्ता थेट डायव्हर आणि पाणबुड्यांच्या गावी पोचणार आहे. आजच्या गोष्टीत आपण त्या किनाऱ्याला दोनदा जाऊ.

आधी चेंबर म्हणजे काय ते पाहू. एक मोठी पोलादी टाकी, आडवी ठेवलेली, गोल खिडक्यांची. आत बाकं, ऑक्सिजनचे मास्क, बोलायला फोन. दार बंद करून आत दाबाखालची हवा सोडायची. पाण्यात दर दहा मीटर खाली गेलं की शरीरावर एक वातावरणाइतका दाब वाढतो. चेंबरमध्ये पाणी नसतं, पण दाब तोच देता येतो. म्हणून तिथली भाषाही समुद्राची आहे. दाब वाढवला की ‘खाली नेलं’ म्हणतात, कमी केला की ‘वर आणलं’. माणूस मुंबईत कुलाब्याला तळमजल्यावर बाकावर बसलेला असतो आणि गेज सांगतं, हा अठरा मीटर खोल आहे.

कुलाब्याचं नाव मुद्दाम घेतलं. तिथे नौदलाचं आय.एन.एच.एस. अश्विनी हे रुग्णालय आहे. देवांचे वैद्य अश्विनीकुमार, त्यांची आठवण करून देणारं नाव. नौदलाची वैद्यकीय संस्था, इन्स्टिट्यूट ऑफ नेव्हल मेडिसिन, तीही तिथेच. समुद्राखालच्या वैद्यकाचं शिक्षण आपल्या देशात प्रामुख्याने इथे चालतं. या चेंबरच्या बाहेर, पॅनेलपुढे एक माणूस उभा असतो. समोर गेज, घड्याळ, वही आणि व्हॉल्व्हची रांग. आजची गोष्ट त्याची आहे. आणि मला एकच मुद्दा सांगायचा आहे. हा माणूस जे जे नियम पाळतो, त्यांतला जवळजवळ प्रत्येक नियम कुणाच्या तरी मृत्यूने लिहिला गेला आहे.

पहिला नियम : वर आणायचं ते हळूहळू.

हा नियम डायव्हरांकडून आला नाही, पूल बांधणाऱ्या मजुरांकडून आला. १८४१ साली फ्रान्समध्ये ट्रिजे नावाच्या अभियंत्याने नदीकाठच्या खाणीत पाणी शिरू नये म्हणून दाबाच्या हवेने भरलेला कप्पा वापरला. असा कप्पा नदीच्या तळाशी रोवायचा, आतल्या हवेने पाणी बाहेर रेटायचं आणि कोरड्यात खणायचं. त्याला ‘केसॉन’ म्हणत. अमेरिकेत सेंट लुईसला मिसिसिपीवर ईड्सचा पूल बांधताना १८७० मध्ये मजूर असेच खाली जात. काम संपलं की काही मिनिटांत वर. वर आले की सांधे ठणकत, पाय लुळे पडत, काही जण मरत. त्या एका पुलावर डझनाहून जास्त माणसं अशी गेली. दुखण्याने वाकून चालणाऱ्यांची सोबती थट्टा करत. तेव्हा बायकांमध्ये पुढे झुकून चालायची एक फॅशन होती, ‘ग्रीशियन बेंड’. त्यावरून या आजाराला ‘बेंड्स’ हे नाव पडलं. मरणाच्या आजाराला थट्टेचं नाव! तिथले डॉक्टर जॅमिने स्वतः खाली जाऊन साडेतीन मिनिटांत वर आले आणि त्यांनाही पक्षाघाताने गाठलं. न्यूयॉर्कला ब्रुकलिनच्या पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग याच आजाराने १८७२ मध्ये अंथरुणाला खिळले.

कारण काय? सोड्याची बाटली आठवा. झाकण घट्ट असेपर्यंत वायू पाण्यात मुकाट विरघळलेला असतो. एकदम उघडलं की फसफसून बाहेर येतो. दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन तसाच रक्तात आणि चरबीत विरघळतो. एकदम वर आणलं की बुडबुडे होतात. फ्रान्सच्या पॉल बेर यांनी १८७८ साली आपल्या जाडजूड ग्रंथात हे प्रयोगांनी दाखवलं.

पण कारण कळणं वेगळं आणि माणूस वाचवणं वेगळं. ते काम अर्नेस्ट मॉयर या अभियंत्याने केलं. न्यूयॉर्कजवळ हडसन नदीखाली बोगदा खणत होते. मॉयर आले तेव्हा तिथे मृत्यूचं प्रमाण वर्षाला शेकडा पंचवीस होतं. त्यांनी जमिनीवर एक टाकी बसवली. वर आलेला मजूर दुखू लागलं म्हणाला की त्याला टाकीत घालायचं, पुन्हा दाब द्यायचा आणि मग सावकाश उतरवायचा. पुढच्या पंधरा महिन्यांत सुमारे एकशेवीस मजुरांतले दोनच दगावले. आजच्या उपचार-चेंबरचा पूर्वज हाच. ती टाकी चालवणारा, व्हॉल्व्हवर हात ठेवून उभा असलेला, तो या नोकरीतला पहिल्या पिढीचा माणूस. मॉयर यांचं नाव पुस्तकांत आलं. त्या माणसाचं आलं नाही.

दुसरा नियम : अंदाजाने नाही, कोष्टकाने.

किती सावकाश म्हणजे पुरेसं सावकाश? हा प्रश्न ब्रिटिश नौदलाने जॉन स्कॉट हॉल्डेन यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चेंबरमध्ये शेळ्या घातल्या. शेळी पाय उचलून धरू लागली की समजायचं, सांधा दुखतो आहे. त्यातून त्यांना कळलं की दाब एकदम निम्म्यावर आणला तर सहसा त्रास होत नाही, त्यापुढे मात्र टप्प्याटप्प्याने यायला हवं. १९०६ मध्ये डॅमंट हा अधिकारी आणि कॅटो हा गनर यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर २१० फूट खोल जाऊन ही पद्धत स्वतःवर पारखली. १९०८ साली कोष्टकं छापून आली. तेव्हापासून चेंबरवाल्याच्या हाती वही आणि घड्याळ आलं.

आज ‘टेबल सहा’ हे कोष्टक जगभर वापरतात. अमेरिकी नौदलाने ते १९६० च्या दशकात आणलं. रुग्णाला अठरा मीटरवर नेतात. वीस मिनिटं शुद्ध ऑक्सिजन, पाच मिनिटं साधी हवा, असं तीनदा. मग मिनिटाला एक फूट या गतीने नऊ मीटरवर. तिथे पुन्हा ऑक्सिजनचे लांब टप्पे. सगळं मिळून पावणेपाच तास. त्याआधीच्या काही कोष्टकांत माणूस अडतीस तास चेंबरमध्ये असे. पावणेपाच तास गेजवरून नजर हलवायची नाही, ही या नोकरीची खरी मेहनत.

तिसरा नियम : ऑक्सिजनलाही सुट्टी द्यायची.

मधली ती पाच मिनिटं कशासाठी? जास्त दाबाखाली ऑक्सिजन मेंदूला विषासारखा होतो आणि झटका येतो. हे बेर यांनीच पाहिलं होतं. पण माणसाला किती सोसतं, हे कळायला एक दुर्घटना घडावी लागली. १ जून १९३९ ला ‘थेटिस’ ही नवी ब्रिटिश पाणबुडी चाचणीच्या वेळी बुडाली. ९९ जण गेले. चौकशीत प्रश्न आला, आत अडकलेल्यांना नेमकं काय झालं असेल? याचं उत्तर शोधायला हॉल्डेन यांचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन स्वतः चेंबरमध्ये बसले. सहकाऱ्यांना घेऊन बसले. ऑक्सिजनच्या एका झटक्यात त्यांच्या पाठीचे मणके चेपले आणि ती पाठ जन्मभर दुखत राहिली.

मंडळी, हे हॉल्डेन पुढे आपलेच झाले. १९५७ मध्ये ते भारतात आले, इथलं नागरिकत्व घेतलं, कलकत्त्याला आणि मग भुवनेश्वरला काम केलं. १ डिसेंबर १९६४ ला भुवनेश्वरलाच गेले. त्यांच्या इच्छेनुसार देह काकिनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला दिला. काकिनाडा विशाखापट्टणमच्याच किनाऱ्यावर, थोडं खाली. आपल्या नव्या रस्त्याच्या टोकाला पोचून दक्षिणेला वळलं की येतं.

हॉल्डेन गेल्यानंतर तीनच वर्षांनी, डिसेंबर १९६७ मध्ये, भारताची पहिली पाणबुडी ‘कलवरी’ नौदलात आली आणि ती विशाखापट्टणमला राहिली. पाणबुडी आली की बचावाची तयारी येते आणि बचाव म्हटलं की चेंबर आलंच. १९७१ साली ‘निस्तार’ हे बचावजहाज आलं. त्याच वर्षी डिसेंबरात पाकिस्तानची ‘गाझी’ विशाखापट्टणमजवळ बुडाली, तेव्हा ‘निस्तार’च्या डायव्हरांनी खाली जाऊन ती पाहिली. त्याच नावाचं नवं जहाज, विशाखापट्टणमलाच बांधलेलं, १८ जुलै २०२५ ला नौदलात दाखल झालं. त्यावरचे डायव्हर तीनशे मीटर खोल कामासाठी दिवसचे दिवस चेंबरमध्येच राहू शकतात. त्यांचं जेवणखाण, औषधं, सगळं बाहेरच्या माणसाने छोट्या दुहेरी दाराच्या खिडकीतून आत द्यायचं.

चौथा नियम : आत आग नाही, आगीचं कारणही नाही.

३१ ऑक्टोबर १९९७ ला इटलीत मिलानच्या एका रुग्णालयात चेंबरला आग लागून अकरा जण मेले. दहा रुग्ण आणि त्यांच्याबरोबर आत बसलेली परिचारिका. कारण काय सापडलं? हात शेकायचं एक छोटं उपकरण कुणीतरी आत नेलं होतं. म्हणून तंत्रज्ञ दारात रुग्णाचे खिसे रिकामे करायला लावतो. काडेपेटी, मोबाइल, केसांचं तेल, नायलॉनचे कपडे, काही चालत नाही. सुती कपडे द्यायचे. आतल्या हवेत ऑक्सिजन साडेतेवीस टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही. मोठ्या हुद्द्याचा अधिकारी रुग्ण म्हणून आला तरी त्याचे खिसे तपासायचे. लष्करात हे सांगायला सोपं नाही. पण त्या दारात हुद्दा तंत्रज्ञाचा चालतो.

पाचवा नियम सगळ्यात जड आहे : दाब पूर्ण उतरल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही.

हिशेब करून पाहा. अठरा मीटरवर चेंबरच्या दारावर दर चौरस मीटरला अठरा टन भार असतो. दार अर्ध्या चौरस मीटरचं धरलं तरी नऊ टन. ५ नोव्हेंबर १९८३ ला उत्तर समुद्रात ‘बायफर्ड डॉल्फिन’ या तेलाच्या फलाटावर डायव्हरांच्या चेंबरचा सांधा वेळेआधी सुटला. नऊ वातावरणांचा दाब एका क्षणात एकावर आला. आतले चार डायव्हर आणि बाहेर काम करणारा एक मदतनीस जागच्या जागी गेले, दुसरा मदतनीस गंभीर जखमी झाला. ठपका कुणावर आला? मेलेल्या मदतनिसावर. दाब असताना क्लॅम्प उघडूच नये अशी सोय त्या यंत्रणेत नव्हती, हे पुढे आलं ते फार उशिरा. घरच्यांना भरपाई मिळायला सव्वीस वर्षं लागली.

व्हॉल्व्हवरच्या माणसाचं दुखणं इथे आहे. सगळं सुरळीत झालं तर श्रेय डॉक्टरांचं, आणि ते रास्तच आहे. काही बिघडलं तर पहिलं बोट त्याच्याकडे. म्हणून चांगल्या चेंबरमध्ये सगळा भार एका माणसाच्या सावधपणावर टाकत नाहीत. दारच असं करतात की दाब असताना ते उघडतच नाही. बहुतेक उपचार-चेंबरचं दार आतल्या बाजूला उघडतं. आतला दाबच त्याला घट्ट बसवतो. एवढ्या साध्या गोष्टीने किती जीव वाचले असतील!

आणि एक माणूस आतही असतो, तो परिचर. रुग्ण मास्कमधून ऑक्सिजन घेतो आणि हा साधी हवा. म्हणजे नायट्रोजन याच्या अंगात साठतो. रुग्ण बरा होऊन निघेल आणि बेंड्स याला होतील! म्हणून शेवटच्या टप्प्यात त्यालाही ऑक्सिजन देतात आणि बाहेरचा माणूस वहीत त्याची वेळ वेगळी लिहितो. रुग्णाला झटका आला तर परिचराने मास्क काढायचा आणि बाहेरच्याने दाब अजिबात हलवायचा नाही. कारण झटक्यात श्वास कोंडलेला असतो, त्या वेळी वर आणलं तर फुप्फुस फाटेल. एका काचेच्या दोन बाजूंना दोघं उभे असतात आणि दोघांनी एकाच क्षणी बरोबर वागायचं असतं.

आज या चेंबरमध्ये डायव्हरांपेक्षा इतरच रुग्ण जास्त येतात. मधुमेहाने न भरणारी पायाची जखम, बंद खोलीतल्या शेगडीच्या धुराने बेशुद्ध झालेला माणूस, कर्करोगाच्या किरणोपचारानंतर झिजलेलं जबड्याचं हाड. खाजगी केंद्रं तर वाटेल त्या दुखण्यावर हा उपचार विकतात. तेवढं मात्र ऐकू नका. मान्य आजारांची यादी मर्यादित आहे, आपल्या डॉक्टरांना विचारूनच जा.

ज्यांच्या घरातली मुलं नौदलाच्या वैद्यकीय शाखेत जायचा विचार करत असतील, त्यांना एवढंच सांगेन. या नोकरीत बंदूक नाही, गाजावाजा नाही. घड्याळ, वही आणि व्हॉल्व्ह आहे. दीडशे वर्षांपूर्वी सेंट लुईसच्या चिखलात जे मजूर वाकून चालत होते, त्यांची नावं फारशी कुणाला ठाऊक नाहीत. पण आज कुणी तंत्रज्ञ मिनिटाला एक फूट या गतीने कुणाला वर आणतो, तेव्हा तो त्यांनी शिकवलेला धडाच गिरवत असतो.

आज इथेच थांबू.