वेलदोड्याचें पाणी

दिवाळीच्या फराळाच्या वेळीं खलबत्त्यांत वेलदोडे कुटण्याचें काम आमच्या लहानपणीं मुलांकडे असे, व त्याची मजुरी म्हणून चार दाणे तोंडांत टाकण्याची मुभाही असे. पुढें स्वतःचें घर झाल्यावर आम्हीं हौसेनें वेलदोड्याचें एक रोप मिळवून कुंडींत लाविलें. देशावरचा उन्हाळा त्यास सोसणार नाहीं, ह्या भीतीनें आम्ही सकाळ-संध्याकाळ त्यास पाणी घालीत होतों. वैशाखांत पानें करपलीं म्हणून पाणी दुप्पट केलें. आणि श्रावण लागण्यापूर्वींच मुळें कुजून तें गेलें. पाणी कमी पडलें कीं जास्त झालें, ह्याचा उलगडा त्या वेळीं आम्हांस झाला नाहीं. ज्या झाडास आपण पाणी घालावयास निघालों, त्यास आजवर पाणी कोण घालीत होतें, हा साधा प्रश्न आम्हीं विचारलाच नव्हता. आणि तो विचारूं लागल्यावर असें दिसून आलें कीं, वेलदोड्याचा बराचसा इतिहास त्या प्रश्नाभोंवतींच फिरत आहे.

वेलदोडा हा आल्या-हळदीच्या कुळांतला. जमिनींत कंद, वर पुरुषभर किंवा त्याहूनही उंच वाढणारीं धाटें, आणि फुलांचे तुरे मात्र वर न येतां बुडख्याशीं, पाल्यापाचोळ्यांतून सरपटत जाणारे, अशी ह्याची ठेवण आहे. सह्याद्रीच्या दक्षिण भागांतील सदाहरित अरण्यांत, सुमारें ६०० ते १३०० मीटर उंचीच्या उतारांवर, थोर वृक्षांच्या सावलींत तो मूळचाच उगवतो. त्याचीं मुळें उथळ. हात-दीड हात मातींतच त्यांचा सारा संसार. त्यामुळें वरची माती सुकली कीं तो सुकतो, आणि तिच्यांत पाणी सांचून राहिलें कीं तो कुजतो. मृगापासून हस्तापर्यंत आकाश त्यास पाजतें, व उतार जास्तीचें पाणी काढून नेतो; थंडींत धुकें व दंव पडतें, आणि पाचोळ्याचा जाड थर ओल धरून ठेवितो. खरी कसोटी माघ ते वैशाख ह्या चार महिन्यांची. कारण नेमक्या ह्याच काळांत बुडख्यांतून नवे तुरे फुटून वाढत असतात. वळिवाच्या सरी चुकल्या तर तुरा जागच्या जागीं वाळतो, आणि मग आषाढांत कितीही पाऊस पडला तरी त्या वर्षाचें पीक परत येत नाहीं.

ह्या झाडाची ओळख परदेशीयांस फार उशिरां पटली. गोव्यांत राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता ह्यानें १५६३ सालीं तेथेंच छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथांत वेलदोड्यावर चर्चा केली. पुढें डच अधिकारी व्हान रीड ह्याच्या ‘होर्तुस मलबारिकुस’ ह्या बारा खंडांच्या ग्रंथांत (१६७८ ते १६९३) तो ‘एलेत्तरी’ ह्या मलबारी नांवानें आला, व तेंच नांव शास्त्रज्ञांनीं आजतागायत चालविलें आहे.

त्यास लाविलें कोणीं, ह्याचें उत्तर मात्र चमत्कारिक आहे. कुर्गच्या डोंगरांतील जुनी रीत एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज लेखकांनीं नोंदून ठेविली आहे. माघ-फाल्गुनांत माणसें अरण्यांत जाऊन सावलीचा, ओलसर उतार निवडीत. खालचीं झुडपें साफ करीत. आणि एक प्रचंड वृक्ष अशा बेतानें पाडीत कीं, त्याच्या धक्क्यानें भोंवतालची जमीन हादरून उकलावी. मग तीं घरीं परतत. पहिल्या पावसानंतर त्या मोकळ्या जागेंत वेलदोड्याचीं रोपें आपोआप वर येत, व तिसऱ्या-चौथ्या वर्षीं फळ धरीत. पेरणी नाहीं, शिंपणी नाहीं. त्या हादऱ्यास लोक मोठें महत्त्व देत. आम्हांस वाटतें, मातींत पडून राहिलेल्या बियांस ऊन व मोकळी माती मिळे, हेंच त्यांतलें मर्म असावें. कसेंही असो, पाडावयाचा वृक्ष एकच असे, आणि भोंवतालचे सारे राखावयाचे असत, ही गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते.

दुसरी रीत उत्तर कानडा जिल्ह्याची. हा जिल्हा १८६२ पासून १९५६ पर्यंत मुंबईच्या कारभारांत होता, त्यामुळें तेथील वेलदोडा आपल्या घरांत फार दिवसांच्या परिचयाचा. शिरसी, सिद्धापूर, यल्लापूर ह्या भागांत हव्यक बागाइतांनीं अरुंद दऱ्यांच्या तळाशीं सुपारीच्या बागा केल्या, आणि पोफळींच्या सावलींत मिरवेल व वेलदोडा आणून बसविला. येथें अरण्याचें काम मनुष्यानें आपल्याकडे घेतलें. दरीच्या डोक्याशीं झरा किंवा तळें, तेथून उन्हाळ्यांत पाट. पावसाळ्यांत तेंच पाणी बाहेर काढण्यास खोल चर. आणि वरच्या ‘बेट्ट’ म्हणून राखलेल्या रानांतून दर वर्षीं पानांचा पाला आणून बुडख्यांवर पसरणें. बागेहून कित्येक पटींनीं मोठें रान तिच्या पाठीशीं असे. तेथें एका वृद्ध बागाइतास आम्हीं विचारलें, किती दिवसांनीं पाणी देतां? ते म्हणाले, “दिवस मोजून देऊं नका. पाला उचलून मातीला बोट लावा, मग ठरवा.” आमच्या कुंडीची हकीकत त्यांस सांगण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

ह्याच मालाचा कांहीं भाग घाटमाथ्यावरून हावेरीस जाई, व तेथें रिठ्याच्या पाण्यानें धुतला जाऊन पांढरा होई. आमच्या पिढीच्या फराळाच्या डब्यांतला पांढरा वेलदोडा तो हाच. हावेरीच्या वेलदोड्यांच्या माळा तर आजही प्रसिद्ध आहेत.

तिसरी कथा त्रावणकोरची, आणि तींत राजसत्तेचा हात आहे. तेथें वेलदोड्याचा मक्ता सरकारचा होता. लागवडदारानें पीक सरकारांत द्यावें, व ठरलेला वाटा घ्यावा. हा मक्ता १८९६ सालीं उठला, व पूर्वेकडील कंबम-बोडिनायकनूरच्या तमिळ लोकांचा डोंगरांत ओघ लागला. वर्षभर आधींच, १८९५ सालीं, मुल्लपेरियारचें धरण पुरें होऊन त्या डोंगरांचें पाणी बोगद्यानें कंबमकडे वळविलें गेलें होतें. म्हणजे पाणी खालीं उतरलें व माणसें वर चढलीं. राखीव डोंगरांत झाडें सरकारचीं व खालचें पीक लागवडदाराचें, असा नियम पडला. ह्या नियमानें सावली पुष्कळ दिवस वांचली, हें मान्य केलें पाहिजे. पण जें झाड आपलें नव्हे, त्याची माया मनुष्यास किती असणार? शिवाय त्या डोंगरांची हद्द कोठवर, हा वाद एकविसाव्या शतकांत सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन पोहोंचला.

ह्या सावलीची किंमत १९८३ च्या अवर्षणांत कळली. वळीव आला नाहीं, आणि ज्या मळ्यांत फांद्या छाटून सावली विरळ केली होती, पाण्याची तजवीज मात्र नव्हती, तेथें झाडेंच्या झाडें वाळलीं. त्याच सुमारास जगाच्या बाजारांत ग्वाटेमालाचा वेलदोडा पुढें आला. तो तेथें एका जर्मन मळेवाल्यानें १९१४ च्या सुमारास नेला होता. अल्ता वेरापास प्रांतांतील कोबानच्या आसपास हिवाळ्यांतही बारीक झिमझिम चालूच असते. तेथले लोक तिला ‘चिपी-चिपी’ म्हणतात. आमच्या बागाइतास जें काम पाटानें व घागरीनें करावें लागतें, तें तिकडे ही झिमझिम फुकट करते. स्पर्धा अशी विषम आहे.

त्यावर इडुक्कींतल्या शेतकऱ्यांनीं उपाय शोधला. ‘ञळ्ळानी’सारखे भरघोस वाण एका शेतकऱ्याच्याच मळ्यांत निवडले गेले. उत्पन्न पूर्वीपेक्षां कित्येक पट वाढलें. पण हे वाण ऊन अधिक मागतात, म्हणून सावली कमी झाली. सावली कमी झाली, म्हणून माघापासून दर बारा-पंधरा दिवसांनीं पाणी द्यावें लागूं लागलें. आणि पाणी द्यावयाचें म्हणून तळीं खणलीं, कूपनलिका खोल गेल्या, ओढ्यांवर पंप बसले. ओढे मग उन्हाळ्यांत लौकर आटूं लागले, तर नवल तें काय! २०१८ च्या ऑगस्टांतील अतिवृष्टींत झाडें कुजलीं, २०१९ चा उन्हाळा कोरडा गेला, आणि त्या ऑगस्टांत पुट्टडी येथील लिलावांत वेलदोड्यास किलोस ७,००० रुपये हा उच्चांकी भाव आला. वर्तमानपत्रांत तो सोन्याच्या मथळ्याखालीं वाचून आमच्या घरांत पुरणपोळींतले वेलदोडे निम्मे झाले. पण ज्याच्याकडे विकावयास माल उरला होता, असा शेतकरी त्या वर्षीं विरळाच. २०२४ च्या चैत्र-वैशाखांत तर इडुक्कींतील मळेच्या मळे पुन्हा वाळले.

आम्हीं दुसरें रोप आणिलें आहे. या खेपेस तें कुंडींत नाहीं. एका स्नेह्यांच्या कोंकणांतील वाडींत, फणसाच्या खालीं, पोफळींच्या ओळींत लाविलें आहे. उतार आहे, पाचोळा भरपूर आहे. ते स्नेही दिवस मोजीत नाहींत. पाला उचलून मातीला बोट लावितात. यंदा बुडख्यांतून दोन तुरे फुटल्याचें त्यांचें पत्र आलें आहे. वळीव अद्याप आलेला नाहीं.