किनारपट्टीवरील प्लास्टिक प्रदूषणाची नवी रूपे : नोंद व नामकरणाचा इतिहास

प्रस्तावना :
प्लास्टिकच्या इतिहासाची मांडणी बहुधा शोध आणि उत्पादन यांच्या अंगाने केली जाते. १९०७ मध्ये लिओ बेकलंड यांनी बेकेलाइट तयार केले, १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये पॉलिथीनचा शोध लागला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिक घरोघरी पोहोचले, हा क्रम सर्वपरिचित आहे. तथापि किनाऱ्यावर येऊन पडलेल्या प्लास्टिकचे पुढे काय झाले आणि ते अभ्यासकांच्या ध्यानात केव्हा आले, हा स्वतंत्र इतिहास होय. वस्तू आधी अस्तित्वात येते, नाव तिला नंतर मिळते. मधल्या काळात ती मोजली जात नाही. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने प्लास्टिकच्या नव्या रूपांचा आढावा घेतला आहे.

कणांची नोंद :
१९७२ मध्ये एडवर्ड कार्पेंटर व केनेथ स्मिथ यांनी सारगासो समुद्राच्या पृष्ठभागावरील प्लास्टिक कणांची नोंद ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. मात्र ‘मायक्रोप्लास्टिक’ ही संज्ञा रूढ झाली ती रिचर्ड थॉम्पसन व सहकाऱ्यांच्या २००४ मधील शोधनिबंधानंतर. त्यासाठी १९६० च्या दशकापासून जतन केलेले प्लवकांचे नमुने तपासले गेले आणि त्यांत प्लास्टिकचे तंतू आढळले. पुरावा संग्रहात अनेक वर्षे होता. त्याकडे पाहण्याची दृष्टी नव्हती.

दगडाचे रूप :
हवाई बेटावरील कामिलो किनाऱ्यावर वितळलेले प्लास्टिक, बेसाल्टचे तुकडे, प्रवाळ व वाळू यांचे एकजीव गोळे सापडले. भूशास्त्रज्ञ पॅट्रिशिया कॉर्कोरन, सागरी अभ्यासक चार्ल्स मूर आणि कलावंत केली जॅझव्हॅक यांनी २०१४ मध्ये त्यांना ‘प्लास्टिग्लोमरेट’ हे नाव दिले. पिंडाश्म या खडकाच्या इंग्रजी नावावरून ते घडवले आहे. हे गोळे मुख्यतः किनाऱ्यावर पेटवलेल्या शेकोट्यांतून तयार झाले होते. ब्राझीलच्या त्रिंदाजी बेटावर, हिरव्या कासवांच्या विणीच्या परिसरात, मासेमारीच्या जाळ्यांचे प्लास्टिक मिसळलेले खडक २०१९ मध्ये आढळले. अंदमानातील प्लास्टिग्लोमरेटची नोंद २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली.

२०१९ मध्ये आणखी दोन नावांची भर पडली. पोर्तुगालच्या मदेइरा बेटावर भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील खडकांवर पॉलिथीनचे पापुद्रे २०१६ पासून दिसत होते. त्यांना ‘प्लास्टिक्रस्ट’ म्हटले गेले. इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरून जळक्या प्लास्टिकचे गोटे गोळा करून अँड्र्यू टर्नर व सहकाऱ्यांनी त्यांचे ‘पायरोप्लास्टिक’ असे वर्णन केले. करड्या रंगाचे, लाटांनी गुळगुळीत झालेले हे गोटे पाहताक्षणी दगडच वाटतात. उचलल्यावर मात्र त्यांचा हलकेपणा जाणवतो. काहींमध्ये जुन्या रंगद्रव्यांतील शिसे व क्रोमियमही आढळले.

नाव आणि नियम :
नामकरणाचा प्रश्न केवळ शास्त्रीय नाही, हे कोलंबोजवळच्या दुर्घटनेने दाखवून दिले. २० मे २०२१ रोजी ‘एक्स-प्रेस पर्ल’ या मालवाहू जहाजाला आग लागली आणि २ जूनला ते बुडू लागले. त्यावरील सुमारे १,६८० टन प्लास्टिक दाण्यांपैकी प्रचंड साठा, काही मूळ स्वरूपात तर काही जळून एकमेकांना चिकटलेला, श्रीलंकेच्या किनाऱ्यावर पसरला. कारखान्यांचा कच्चा माल असलेले हे दाणे, म्हणजे ‘नर्डल’, जहाजवाहतुकीच्या नियमांत तेव्हा धोकादायक माल म्हणून गणले जात नव्हते. मे २०२५ मध्ये ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज कोचीजवळ बुडाले आणि असेच दाणे केरळच्या किनाऱ्यावर आले.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, यांतील अनेक रूपे केवळ समुद्राने घडवलेली नाहीत. शेकोटी, कचरा जाळणे किंवा जहाजावरील आग यांचा त्यांत वाटा आहे. कचरा जाळल्याने तो नाहीसा होत नाही, त्याचे रूप बदलते. दुसरी, नव्या रूपाला नाव मिळेपर्यंत ते गणनेतून आणि नियमांतून निसटते. कोकणचा किनाराही बेसाल्टचा आहे. तेथील स्वच्छता मोहिमेत दगड समजून मागे ठेवलेली वस्तू खरोखर दगडच आहे काय, हे हाती घेऊन पाहणे अगत्याचे आहे. महाविद्यालयांच्या इतिहास, भूगोल व रसायनशास्त्र विभागांनी एकत्र येऊन अशा नोंदी ठेवल्यास उद्याच्या इतिहासकारास किनारा हे विश्वसनीय साधन म्हणून उपलब्ध होईल.