दुधावांचूनचें आइस्क्रीम

आइस्क्रीम म्हटलें कीं डोळ्यांपुढें दूध येतें. नांवांतच साय आहे. तेव्हां सायीवांचून आइस्क्रीम कसलें, असें कोणीहि विचारील. पण या पदार्थाचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे निराळेंच दिसतें. गोठविलेल्या मिष्टान्नांच्या या घराण्यांत दूध हा मागाहून आलेला जांवई आहे. मूळ घर सरबताचें.

हा विषय मला पुस्तकांतून सुचलेला नाहीं. आमच्या घरीं वर्षांतून एकदां, मे महिन्यांत, गच्चीवर आइस्क्रीमचें पॉट निघे. बर्फाची लादी गोणपाटांत गुंडाळून वरवंट्यानें फोडावयाची, खडेमिठाची पुडी सोडावयाची, आणि मग आम्हां भावंडांनीं पाळीपाळीनें दांडा फिरवावयाचा. माझी धाकटी बहीण सर्वांत अधिक वेळ दांडा फिरवी. आइस्क्रीम मात्र खात नसे. तिला दूध सोसत नसे. 'सवयीनें सोसेल' म्हणून एकदोनदां वडीलधाऱ्यांनीं आग्रह केला, आणि त्याचें फळ त्या पोरीनें रात्रभर भोगलें. पुढें पुढें वाटी समोर आली कीं ती आपणच 'मला आवडत नाहीं' असें सांगूं लागली. तें खरें नव्हतें, हें आम्हां सर्वांना ठाऊक होतें, पण त्यावर कांहीं करतां येईल असें कोणाच्या मनांत आलें नाहीं.

आज आपण जाणतों कीं दुधांत लॅक्टोज नांवाची एक साखर असते, आणि ती पचविणारें द्रव्य बालपण सरल्यावर जगांतील बहुसंख्य माणसांच्या आंतड्यांत कमी होत जातें. तो हट्ट नव्हे कीं नाजुकपणाहि नव्हे. असें असतां उन्हाळ्यांतील सर्वांत आवडता पदार्थ दुधाशीं एवढा घट्ट कां बांधला गेला, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

प्रथम थंडीची गोष्ट पाहूं. कारण पदार्थांत काय घालावें यापेक्षां तो गोठवावा कसा, हेंच मनुष्याला शेकडों वर्षें पडलेलें कोडें होतें. अकबराच्या आबदारखान्याचें वर्णन अबुल फजलनें 'आईन-इ-अकबरी'त केलें आहे. पाणी गार करण्यासाठीं तेथें सोरा वापरीत. जस्ताच्या किंवा रुप्याच्या सुरईंत एक शेर पाणी भरून तोंड बंद करावयाचें. दुसऱ्या भांड्यांत अडीच शेर सोरा आणि पांच शेर पाणी घालावयाचें. आणि त्या मिश्रणांत ती सुरई पाव तासभर हालवीत राहावयाचें. सोरा विरघळतांना उष्णता ओढून घेतो, म्हणून आंतील पाणी गार होतें. पुढें बादशहाचा मुक्काम पंजाबांत पडला, तेव्हां लाहोरपासून सुमारें ४५ कोसांवरील डोंगराळ मुलखांतून हिम व बर्फ येऊं लागलें. पण सोऱ्यानें पाणी केवळ गार होतें, गोठत नाहीं. आणि नुसत्या बर्फांत ठेवलेलें सरबतहि गोठत नाहीं. बर्फ शून्य अंशावर वितळतें, आणि साखरेचें पाणी गोठावयास त्याहून अधिक थंडी लागते.

ही अधिक थंडी मिठानें मिळते. येथें पुष्कळांचा एक गैरसमज असतो, तो दूर केला पाहिजे. मीठ बर्फाला गोठवीत नाहीं, तें बर्फाला वितळवितें. वितळावयास उष्णता लागते, आणि ती उष्णता बर्फ स्वतःमधून व शेजारच्या डब्यांतून ओढून घेतें. मिठाचें पाणी शून्याखालींहि पाणीच राहात असल्यामुळें हा व्यापार थांबत नाहीं. प्रमाण नेमकें साधलें तर पारा शून्याखालीं २१ अंशांपर्यंत उतरतो. म्हणूनच आइस्क्रीमचा डबा धातूचा आणि बाहेरची बादली लाकडाची असते. डब्यांतून उष्णता चटकन् बाहेर यावी, आणि बादलींतून आंत येऊं नये.

युरोपांत ही युक्ति सोळाव्या शतकांत विद्वानांच्या हातीं आली. नेपल्सच्या जांबात्तिस्ता देल्ला पोर्ता यानें १५८९ सालच्या आपल्या ग्रंथांत हिम आणि सोरा यांच्या साह्यानें मद्य गोठविण्याची कृति दिली आहे. पुढच्या शतकांत त्याच नगरांतील स्वयंपाक्यांनीं ती उचलली. अंतोनिओ लातीनी हा नेपल्समधील एका बड्या घरचा कारभारी. त्याचा पाकग्रंथ १६९२ ते १६९४ या काळांत दोन भागांत निघाला. त्यांत गोठविलेल्या सरबतांच्या कृति आहेत: लिंबाचें, स्ट्रॉबेरीचें, आंबट चेरीचें, दालचिनीचें, चॉकोलेटचें. त्यांत दुधाचेंहि एक आहे. पण तें अनेकांपैकीं एक, इतकेंच. नेपल्समध्यें ही कला जणूं प्रत्येकजण जन्मतःच घेऊन येतो, अशा आशयाचें तो लिहितो. शंभर वर्षांच्या आंतच, १७७५ मध्यें, फिलिप्पो बाल्दीनी नांवाच्या वैद्यानें केवळ सरबतांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलें. त्यांत दुधाच्या सरबतांना एक प्रकरण मिळालें आहे. फळांची सरबतें त्याच्या दृष्टीनें निराळा आणि मानाचा वर्ग होता.

'सरबत' हा शब्द मी मुद्दाम वापरीत आहें. ज्याला इटालियन लोक 'सोर्बेत्तो' म्हणतात, तें आपलेंच सरबत. अरबी 'शरबत' तुर्कस्तानच्या वाटेनें इटलींत गेलें, आणि फारशीच्या वाटेनें आपल्याकडे आलें. तिकडे त्याला बर्फ आणि मीठ भेटलें. इकडे माठ आणि वाळा भेटला.

आपल्याकडे बर्फ नव्हतेंच असें मात्र नव्हे. अलाहाबादेकडे हिवाळ्याच्या रात्रीं उथळ मातीच्या थाळ्यांत पाणी घालून, खालीं गवत पसरून, उघड्या आकाशाखालीं तें गोठवीत. रॉबर्ट बार्कर यानें १७७५ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत तें सर्व वर्णिलें आहे. परंतु मुंबई-कोंकणाला ती थंडी कोठून यावी?

आतां धर्माचा संबंध पाहा. ख्रिस्ती लोकांच्या लेंट नांवाच्या चाळीस दिवसांच्या व्रतांत मध्ययुगीं मांसाबरोबर दूध, लोणी, अंडींहि वर्ज्य असत. त्यामुळें तेथील स्वयंपाकघरांत बदामाचें दूध रुळलें. सिसिलींत बदामाचें गोठविलेलें सरबत आजहि न्याहारीला पावाबरोबर खातात. यहुदी घरांत सामिष जेवणानंतर दूध चालत नाहीं, म्हणून तेथेंहि दुधावांचूनच्या थंड मिष्टान्नाची गरज राहिली. आपल्याकडे उलट स्थिति. उपवासाला धान्य वर्ज्य, पण दूध चालतें, किंबहुना दूध हेंच फराळाचें मुख्य अंग. त्यामुळें थंड मिष्टान्न म्हणजे आटवलेल्या दुधाची कुल्फी, ही समजूत येथें पक्की झाली, आणि दुधाला पर्याय शोधण्याची निकड कोणाला भासली नाहीं. पर्याय मात्र नारळाच्या रूपानें परसांतच उभा होता. सयाममध्यें आणि फिलिपिन्समध्यें जेव्हां बर्फ पोंचलें, तेव्हां तेथील लोकांनीं गाईची वाट पाहिली नाहीं. नारळाचेंच दूध गोठविलें. आमच्या कोंकण-गोव्यांत सोलकढीला नारळाचें दूध चालतें, रसाला चालतें, आइस्क्रीमला मात्र पूर्वीं कोणी विचारीत नसे, याचें मला नेहमीं नवल वाटत आलें आहे.

मुंबईला बर्फ आलें तें अमेरिकेहून. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्युडर या व्यापाऱ्यानें १८३३ च्या मे महिन्यांत १८० टन बर्फ 'टस्कनी' नांवाच्या जहाजावर चढवून कलकत्त्यास पाठविलें. चार महिन्यांच्या प्रवासांत, दोनदां विषुववृत्त ओलांडून, त्यांतील सुमारें १०० टन शिल्लक राहिलें. हा प्रयोग यशस्वी झाल्यावर मुंबई आणि मद्रास येथेंहि बर्फ येऊं लागलें. १८३४ मध्यें शेठ जमशेटजी जिजीभाई यांनीं आपल्या घरच्या मेजवानींत पाहुण्यांना आइस्क्रीम वाढलें. त्यानंतर यजमान आणि पाहुणे दोघांनाहि पडसें झाल्याची वार्ता 'मुंबई समाचार'नें छापली. आइस्क्रीमविषयीं आमच्या आजीचें जें मत होतें, त्याला असा छापील आधार आहे!

मेजवानीचा हा पदार्थ सामान्य घरांत आणला तो एका स्त्रीनें. फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन यांनीं १८४३ सालीं दांड्यानें फिरविण्याच्या पॉटचें पेटंट घेतलें. आपल्या गच्चीवर आलेलें पॉट त्याच्याच वंशांतलें. पुढें यंत्रानें बर्फ होऊं लागलें, अमेरिकेचीं जहाजें थांबलीं, आणि चार आण्यांच्या बर्फावर आइस्क्रीम करणें मध्यम स्थितींतील कुटुंबाला साधूं लागलें. बर्फ स्वस्त झालें, आणि दुधाचा एकाधिकार नेमका याच काळांत बळावला.

दुधाची मातब्बरी अगदींच निराधार नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. पाणी गोठूं लागलें कीं त्याचे स्फटिक बनतात. ते मोठे झाले कीं जिभेला खडे लागतात. दुधांतील स्निग्धांश आणि इतर घटक या स्फटिकांच्या आड येतात, त्यांना वाढूं देत नाहींत. म्हणून दूध सोडलें तर त्या जागीं दुसरा अडथळा उभा करावा लागतो. साखर हा एक अडथळा. नारळाच्या पहिल्या दाट दुधांत म्हशीच्या दुधाहून कितीतरी अधिक स्निग्धांश असतो, तो दुसरा. आमरसांतील किंवा पिकल्या केळ्यांतील गर हा तिसरा. आणि चौथा म्हणजे दांडा फिरविणाराचा हात. सतत ढवळल्यानें स्फटिक बारीक राहतात, आणि थोडी हवाहि आंत मिसळते.

साखरेचें प्रमाण फार महत्त्वाचें आहे. ती कमी पडली तर दगड होतो, अधिक झाली तर गोठतच नाहीं. शंभर ग्रॅम सरबतांत फळांतील धरून २५ ते ३० ग्रॅम साखर असावी. पिण्याच्या सरबतापेक्षां हें गोड लागेल, पण थंडीनें जीभ बधिर होते, म्हणून तेंच बरोबर. युरोपांतील स्वयंपाकी यासाठीं सरबतांत धुतलेलें ताजें अंडें सोडून पाहात; नाण्याएवढें टरफल वर उघडें दिसलें कीं प्रमाण जमलें. ज्या घरांत अंडें येत नाहीं तेथें तराजू आहेच.

नारळाचें आइस्क्रीम करावयाचें तर मध्यम आकाराच्या दोन नारळांचा चव ऊन पाणी बेतानें घालून वाटावा, आणि फडक्यांतून पिळून तीन पेले दाट दूध काढावें. त्यांत पाऊण पेला साखर आणि चिमूटभर मीठ घालावें. यांत वर सांगितल्याहून साखर कमी आहे, कारण येथें स्निग्धांश तिच्या मदतीला येतो. एक चमचा अरारूट थोड्या पाण्यांत कालवून, दुधाचा चौथा हिस्सा त्याबरोबर मंद आंचेवर दाट होईपर्यंत शिजवावा, आणि बाकीच्या दुधांत मिसळावा. सगळेंच दूध उकळूं नये, तें फुटतें. वेलदोडा घालून मिश्रण अगदीं गार होऊं द्यावें. पॉटचा डबा दोन तृतीयांशच भरावा, कारण मिश्रण फुगतें. भोंवतीं मापानें चार-पांच भाग बर्फ आणि एक भाग खडेमीठ असे थर द्यावे. मीठ अधिक घालण्याचा मोह आवरावा. कडेचें गोठून जातें आणि मधलें पातळ राहतें. बादलीचें भोंक बुजलेलें नाहीं ना, हें पाहावें, आणि झांकण काढण्यापूर्वीं तें नीट पुसावें. एका थेंब खारट पाण्यानें सर्व श्रम वायां गेलेले मीं पाहिले आहेत. ज्यांच्याकडे पॉट नाहीं त्यांनीं पसरट भांड्यांत हेंच मिश्रण फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यांत ठेवून दर अर्ध्या तासानें कांट्यानें खरवडून ढवळावें.

आमच्या घरीं पहिला प्रयोग मात्र नारळाचा झाला नाहीं. एका वर्षीं दूधवाल्यानें ऐन वेळीं दगा दिला. बर्फ तर आलेलें, मुलें गच्चीवर जमलेलीं. आईनें सकाळीं केलेलें पन्हें तसेंच डब्यांत ओतलें, आणि जरा विचार करून त्यांत आणखी साखर घातली. बहिणीनें नेहमींप्रमाणें दांडा फिरविला, आणि वाटी समोर आल्यावर नेहमींप्रमाणें मान हालविली. 'अग, यांत दूध नाहीं,' आई म्हणाली. तिनें तीन वाट्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशीं तिला पडसें झालें, आणि आजीनें आम्हां सर्वांना बोल लावला. पण पुढच्या मे महिन्यांत पन्ह्याचें पॉट आधीं लागलें, दुधाचें मागून.