पिकअप घेताना गाडी थरथरते? क्लच बदलण्याआधी मोबाईलवर कोड वाचा

मोहोळ रोडवर उसाची ट्रॉली ओव्हरटेक करायला एक्सलेटर दाबला आणि पळायच्या ऐवजी गाडी झटके खायला लागली, तर ते नुसतं त्रासदायक नाही, धोक्याचं आहे. समोरून ट्रक येत असताना गाडीने साथ सोडली तर काय, हा खरा प्रश्न.

सोलापुरात मित्रमंडळींच्या गाड्यांचे कोड वाचून द्यायचं काम बऱ्याचदा माझ्याकडे येतं. माझा अनुभव एवढाच, की ‘गाडी थरथरते’ एवढंच सांगून गॅरेजला गेलात तर अंदाजाने पार्ट बदलले जातात. ‘कधी थरथरते’ हे सांगितलं तर अर्धं निदान तिथंच होतं.

आधी हे बघा: थरथर नेमकी कधी येते?

- फक्त पहिल्या गियरमध्ये, गाडी सुटताना: क्लच प्लेट किंवा इंजिन माउंटिंगवर संशय घ्या.
- ठरावीक स्पीडला, एक्सलेटर सोडला तरी चालूच: टायर, बॅलन्सिंग किंवा वाकलेली रिम. स्टीअरिंगही हलत असेल तर पुढची चाकं आधी तपासा.
- एक्सलेटर दाबला की येते, सोडला की लगेच थांबते: एकतर इंजिन मिस मारतंय, नाहीतर ॲक्सलचा आतला जॉइंट झिजलाय.
- न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीत रेस केल्यावरही झटके: ॲक्सल आणि टायर यादीतून बाद. आता इंजिनकडेच बघायचं.

एक लक्षात ठेवा, तीन सिलिंडरच्या छोट्या गाड्या उभ्या असताना थोड्या थरथरतातच. आपल्या गाडीची नेहमीची थरथर कशी आहे, हे माहीत असलं पाहिजे.

मोबाईल जोडा

भारतात २०१३ नंतर आलेल्या गाड्यांमध्ये ओबीडी-२ ही यंत्रणा असते. डॅशबोर्डखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ १६ पिनांचा सॉकेट सापडेल. त्यात ईएलएम३२७ प्रकारचा ब्लूटूथ अडॅप्टर लावायचा. साधा अडॅप्टर हजार रुपयांच्या आत मिळतो. मोबाईलमध्ये ‘टॉर्क’ किंवा ‘कार स्कॅनर’ ॲप टाका. आयफोन असेल तर वायफायचा किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचा अडॅप्टर घ्या, जुन्या प्रकारचा ब्लूटूथ अडॅप्टर त्याला जोडत नाही.

आता इग्निशन ऑन करून कोड वाचा:

- पी०३०१, पी०३०२, पी०३०३, पी०३०४: शेवटचा आकडा म्हणजे मिस मारणाऱ्या सिलिंडरचा नंबर.
- पी०३००: मिसिंग एका सिलिंडरपुरतं नाही. इंधनाचा दाब, फिल्टर, पंप किंवा कुठूनतरी आत शिरणारी हवा तपासायची.
- पी०१७१: इंजिनला हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय.

कोड पुसायची घाई करू नका. आधी स्क्रीनशॉट काढा. गाडी चालवताना आकडे बघायचे असतील तर मोबाईल शेजारच्याच्या हातात द्या.

फुकटातली टेस्ट: कॉइलची अदलाबदल

एका मित्राची २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक शहरात सात रस्त्याला एकदम नीट चालायची, पण तुळजापूरच्या घाटात तिसऱ्या गियरला झटके द्यायची. एका गॅरेजने त्याला क्लच सेट बदलायला सांगितलं होतं. पण क्लच घसरत असता तर इंजिनचा आवाज चढला असता आणि स्पीड वाढला नसता. इथं तसं काही होत नव्हतं. कोड आला पी०३०२.

इंजिन थंड झाल्यावर, इग्निशन बंद करून आम्ही दोन नंबरची कॉइल एक नंबरवर आणि एकची दोनवर लावली. कोड पुसून पुन्हा घाट चढलो. आता कोड आला पी०३०१. म्हणजे बिघाड कॉइलबरोबर सरकला. नवी कॉइल, सोबत प्लगचा सेट, आणि काम झालं.

घाटातच का व्हायचं? चढावर इंजिनवर लोड येतो, सिलिंडरमधला दाब वाढतो. त्या दाबात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. कमजोर कॉइल सपाटीवर भागवून नेते, चढावर हात टेकते.

कोड जागचा हलला नाही तर हीच अदलाबदल प्लगची करा. तरीही हलला नाही तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन, आणि ते काम मिस्त्रीचं. प्रत्येक सिलिंडरवर वेगळी कॉइल असेल तरच ही टेस्ट जमते. डिझेल गाडीत स्पार्क प्लग नसतात, तिथे डिझेल फिल्टर, इंजेक्टर, ईजीआर आणि टर्बोचे पाइप बघावे लागतात.

ई-२० पेट्रोलमुळे होतं का?

साखर कारखान्यांच्या आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न हमखास येतो. साधा हिशेब करा. पेट्रोल सगळ्या सिलिंडरना एकाच टाकीतून जातं. त्यामुळे एकाच सिलिंडरचा कोड वारंवार येत असेल तर पेट्रोलला दोष देऊ नका. पण टाकी भरल्याबरोबर झटके सुरू झाले आणि पी०३०० आला, तर इंधनात पाणी किंवा कचरा असू शकतो. पंपाची पावती जपून ठेवा.

कोडच नसेल तर?

बॉनेट उघडा, हँडब्रेक लावा आणि दुसऱ्याला न्यूट्रलमध्ये रेस करायला सांगा. इंजिन जागेवर जोरात उसळलं तर माउंटिंग गेलंय. चाकामागचं रबर बूट फाटून ग्रीस उडालेलं दिसलं तर ॲक्सल बघा.

हा दिवा लुकलुकला तर थांबा

चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला असेल तर हळू चालवत गॅरेजपर्यंत जाता येतं. लुकलुकत असेल तर एक्सलेटर सोडा, गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो निकामी होतो. कॉइलचा खर्च टाळायला गेलात तर कन्व्हर्टरचं बिल त्याच्या कितीतरी पट येईल.

गॅरेजला जाताना तीन गोष्टी सांगा: थरथर कोणत्या गियरला आणि किती स्पीडला येते, एक्सलेटर सोडल्यावर थांबते का, आणि कोड कोणता. चांगला मिस्त्री यावर खूश होतो. आणि न तपासताच ‘क्लच बदलू’ म्हणणाऱ्याला स्क्रीनशॉट दाखवा.