तुमचा वार कोणाकडे?

पुणे, १८८२

आज बुधवार, म्हणजे नारायण पेठेतल्या वाड्यात जेवायचं. तुम्ही दहा वर्षांचे आहात, कोकणातून शिकायला आलेले. पुण्यात तुमचं सख्खं कुणी नाही, म्हणून वडिलांनी ओळखीपाळखीतून सात घरी सात वार लावून दिलेत. घरातली मोठी माणसं जेवून उठली की तुमचं पान मांडलं जातं. काय वाढलं ते मुकाट्यानं खायचं आणि मीठ कमी असलं तरी मागायचं नाही, हे आईनं निघतानाच बजावलंय.

चौकात पाय टाकता तोच काकू लांबूनच थांबवतात. "येऊ नकोस रे बाबा, सुतक आलंय आम्हाला. आता दहा दिवस नाहीच."

दहा दिवस म्हणजे पुढचा बुधवारही गेला. आज पाणी पिऊन शाळेत बसायचं. काकूंचा राग करावा असं काही नाही. दोन वर्षं त्यांनी तुम्हाला प्रेमानं वाढलंय. पण तुमचं पोट कुणाच्या घरची बाळंतपणं, मर्तिकं आणि मर्जी यांवर चालतं, हे आज कळतंय.

तरी तुम्ही नशीबवान. वार मिळायलाही जात लागते. वाड्याबाहेर रस्त्यावर तुमच्याच वयाचा एक पोरगा गुरं हाकत चाललाय. त्याला वार देणारं घर या पेठेत नाही, आणि त्याला शाळेत घालावं असंही कुणाच्या मनात नाही.

त्याच्या वतीनं बोलणारा माणूस मात्र याच शहरात राहतो. १९ ऑक्टोबरला जोतीराव फुले हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन ठेवतात. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो, असा त्यांचा रोखठोक हिशेब आहे. गरिबाघरची पोरं शाळेत येत नाहीत, कारण घरच्यांना ती गुरांमागे आणि शेतात हवी असतात. नुसत्या शाळा काढून भागणार नाही; शिष्यवृत्त्या द्या, बक्षिसं द्या, असं ते सांगतात. जेवणाचा विषय त्यांनी काढलेला नाही. पण सरकारनं मुलांवर का खर्च करावा, याचं उत्तर त्यांच्या हिशेबात आलेलं आहे. पैसा त्या मुलांच्या आईबापांचाच आहे.

मद्रास, १९२५

वय तेच, शहर दुसरं. तुम्ही थाउजंड लाइट्स भागातल्या महापालिकेच्या शाळेत बसला आहात आणि सकाळपासून कान बाहेरच्या पातेल्याच्या आवाजाकडे लागलेत. पातेलं वाजत नाही. आज १ एप्रिल, आणि आजपासून टिफिन बंद.

पाच वर्षांपूर्वी, १९२० मध्ये, जस्टिस पक्षाचे पी. त्यागराय चेट्टी महापालिकेचे अध्यक्ष असताना या शाळेत मुलांना खाणं द्यायचा ठराव झाला. खर्चाची मर्यादा मुलामागे दिवसाला एक आणा. मुलं गरीब आहेत आणि त्यामुळेच पट रोडावतोय, असं कारण दिलं गेलं. मग आणखी चार शाळांत तेच सुरू झालं. १९२२-२३ मध्ये या पाच शाळांचा पट ८११ होता, तो दोन वर्षांत १,६७१ वर गेला. त्या वाढलेल्या आकड्यातले एक तुम्ही.

मग आक्षेप निघाला की हा खर्च प्राथमिक शिक्षणाच्या निधीतून करता येणार नाही. फळा आणि खडू शिक्षणात मोडतात, भात मोडत नाही. इंग्रज सरकारनं परवानगी नाकारली.

त्याच वर्षी पुढे योजना पुन्हा सुरू होते, पण २५ शाळांतल्या फक्त १,००० गरीब मुलांसाठी. आता गरीब कोण हे ठरवायला हवं. कल्पना करा, मास्तर वर्गासमोर उभे राहून यादी वाचताहेत. तुमचं नाव येतं. तुम्ही उठता, आणि तुमच्या शेजारी बसणारा मित्र, ज्याचे वडील तुमच्या वडिलांपेक्षा दोन-चार रुपयेच जास्त मिळवतात, तो बसून राहतो. जेवण मिळालं, पण अख्ख्या वर्गाला कळलं की हा भुकेकंगाल. गरजूंनाच द्या, असा सल्ला देणाऱ्यांनी या रांगेत एकदा उभं राहून बघावं.

सातारा, १९२०चं दशक संपता संपता

इथे तुम्हाला कुणी गरीब म्हणून उठवत नाही, कारण इथे सगळेच तसे. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये काढलेल्या वसतिगृहात मराठा, महार, मुसलमान, जैन अशी पोरं एकत्र राबतात, एकत्र रांधतात, एका पंगतीला बसतात. भाकरी थापायची आज तुमची पाळी. पिठाच्या डब्यातलं धान्य गावोगावच्या घरांतून आलंय. बाया दळायला बसण्याआधी एक मूठ बाजूला काढतात, तो मुष्टिफंड. पुण्यातल्या सात वारांपेक्षा हे कितीतरी मोकळं वाटतं. इथे जात विचारत नाहीत आणि उपकाराची भाषाही नाही.

पण डबा तळाला लागला की काय होतं, तेही इथे दिसतं. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांनी पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने एकेक करून मोडले. मंगळसूत्रही गेलं. या त्यागापुढे हात जोडावेत. त्याच वेळी हेही लक्षात घ्यावं की मंगळसूत्र एकदाच विकता येतं. एका वसतिगृहाला एक लक्ष्मीबाई पुरी पडली. जिल्ह्यातल्या हजारो पोरांना पुरायला दरसालचं अंदाजपत्रक लागतं.

ते मांडण्याचं धाडस पुढे तमिळ मुलखानं केलं. तिथून तुम्ही भरधाव जाता. १९५६ मध्ये मुख्यमंत्री कामराज, ज्यांची स्वतःची शाळा अकरा-बारा वर्षांचे असतानाच सुटली होती, ते एट्टयपुरम इथे दुपारच्या जेवणाची योजना सुरू करतात. सरकारी पैशाला लोकवर्गणीची जोड असते. १९८२ च्या जुलैत मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन ती पुरती सरकारी करतात आणि लहानग्यांपासून सुरुवात करून पोषण आहार गावोगाव नेतात. अर्थशास्त्री आणि अधिकारी कपाळाला हात लावतात. कारखाने, रस्ते सोडून भात शिजवायला पैसा? ही तर मतांची खरेदी! मतांचा हिशेब असेलही त्यात. पण पुढे सरकारं आलटून पालटून आली, विरोधी पक्षानं योजना बंद करण्याऐवजी ताटात अंडं वाढवलं, आणि २०२२ मध्ये त्याच राज्यात सकाळची न्याहारीही सुरू झाली.

बीड जिल्हा, १९९६

आता तुम्ही मुलगी आहात, चौथीत. जिल्हा परिषदेच्या शाळेत आज तांदूळ वाटप आहे. गुरुजींनी वर्ग सोडून काटा मांडलाय. केंद्र सरकारनं गेल्या वर्षी १५ ऑगस्टपासून ही योजना आणली आहे. महिन्याची ८० टक्के हजेरी भरली की तीन किलो धान्य. तुमची हजेरी भरली आहे. पिशवी पुढे करता, तांदूळ पडतो, गुरुजी वहीत अंगठा नाही, सही घेतात, आणि तुम्हाला त्याचा अभिमान वाटतो.

घरी खाणारी तोंडं सहा. ज्वारीच्या भाकरीवर चालणाऱ्या घरात तांदूळ म्हणजे सणाचा जिन्नस. आजी म्हणते, "पोरीनं कमावून आणलं गं." रात्री भात होतो आणि सगळ्यांच्या ताटात पडतो. तुमच्या वाट्याला एक वाटी. यात कुणाची लबाडी नाही. घरात शिजलं ते घराचं. चार-सहा दिवसांत पिशवी रिकामी होते आणि उद्या शाळेत तुम्ही पुन्हा उपाशीपोटी पाढे म्हणणार.

दिवाळी झाली की मुकादम येतो. त्यानं दिलेली उचल फेडायची आहे. आईबाप ऊसतोडीला, कोयत्यावर निघतात, आणि धाकट्याला सांभाळायला कुणीतरी हवं म्हणून तुम्हीही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोपीत चार-पाच महिने. हजेरी शून्य, तांदूळ शून्य. ज्या घराला सर्वांत जास्त गरज, तेच घर अटीतून नेमकं गळतं.

जयपूर–दिल्ली, २००१

इथे मुलं दिसत नाहीत, पोती दिसतात. अन्न महामंडळाकडे पाच कोटी टनांहून अधिक धान्य पडून आहे. जागा नाही म्हणून उघड्यावर ताडपत्रीखाली ठेवलंय, आणि त्याच वेळी राजस्थानात दुष्काळानं माणसं भुकेली आहेत. पीयूसीएल ही संघटना सर्वोच्च न्यायालयात जाते. २८ नोव्हेंबरला न्यायालय आदेश देतं की कोरडा शिधा वाटणं पुरे. प्रत्येक सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेत शिजवलेलं जेवण द्या. किमान ३०० उष्मांक, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षात किमान २०० दिवस. आजवर जे देणाऱ्याच्या मनावर होतं, ते आता मागणाऱ्याचं झालं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं त्यावर संसदेचा शिक्काही मारला.

बीड जिल्हा, २००४

आता तुम्ही त्या मुलीची धाकटी बहीण. यंदा आईबाप निघाले तेव्हा आजी म्हणाली, "हिला राहू द्या माझ्यापाशी. दुपारचं शाळेत होतंय." या एका वाक्यामुळे तुम्ही ट्रॉलीत न बसता वर्गात बसला आहात.

शाळेमागे तीन दगडांची चूल, धुरानं काळवंडलेली भिंत, मोठ्या पातेल्यात हळदीनं पिवळी झालेली खिचडी. खिचडी शिजवणाऱ्या ताई उलथन्यानं तळ खरवडतात, कारण करपलेल्या खरपुडीसाठी पोरांची भांडणं. तुम्ही घरून ताटली आणली आहे. पंगत बसते. पाटलाच्या घरची, वस्तीवरची, पालावरची, हजेरी क्रमांकानं. जेवण शिजवणाऱ्यांच्या नेमणुकीत दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्या, असं न्यायालयानं याच वर्षी सांगितलंय. त्यावरून काही गावांत कुरबुर होते, डबे घरून येऊ लागतात. पण पोटात कावळे ओरडत असताना शेजारच्या ताटलीतली खिचडी बघत बसणं फार दिवस जमत नाही.

गैरसोयी आहेत. गुरुजींचा अर्धा तास किराण्याच्या हिशेबात जातो, कधी तांदळात किडे निघतात, आठवड्यातून चार दिवस तेच पिवळं. "शाळा आहे की खानावळ?" असं गावातले जाणते विचारतात. याहून भयंकर काही पुढे घडायचं आहे. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात कीटकनाशक मिसळलेलं जेवण खाऊन २३ मुलं दगावणार आहेत. म्हणजे सरकारनं जेवण द्यायचं तर ते जबाबदारीनं द्यायला हवं. गुरुजींना कोठीतून सोडवायला हवं, ताईंना रीतसर पगार हवा. जेवणच बंद करा, असा अर्थ यातून निघत नाही. वर्गाचं छत गळलं म्हणून कुणी शाळा बंद करत नाही.

"शाळेत खाल्लं की घरी कमी वाढतात, मग फायदा काय?" ही शंकाही जुनी आहे. अर्थतज्ज्ञ फर्झाना आफ्रिदी यांनी मध्य प्रदेशात तेच तपासलं. शाळेत मिळालेल्या पोषणाचा निम्मा ते जवळजवळ सगळा भाग मुलाच्या दिवसभराच्या खाण्यात भर म्हणून पडला. घरच्यांनी पुरता हात आखडला नाही. तीन किलोंची पिशवी सहा ताटांत वाटली जात होती. ताटलीतली खिचडी ज्याची त्याच्या पोटात गेली.

बीड जिल्हा, २०२५

इतका वेळ थांबलेलं तुमचं वय आता एकदम तिशीला येतं. तुम्ही आई आहात, मुलगा पहिलीत, आणि तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीवर. मघाशी गुरुजींनी खिचडीची चव घेऊन चव नोंदवहीत सही केली. ताईंना महिन्याला अडीच हजार मिळतात, तेही उशिरा.

एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगितलेली नाही. २०२१ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये एक अभ्यास आला. ज्या मुलींना शाळेत हे जेवण मिळालं, त्या पुढे आया झाल्या तेव्हा त्यांच्या मुलांची उंची वयाच्या मानानं बरी निघाली. त्या मुली जास्त शिकल्या होत्या, त्यांची लग्नं आणि बाळंतपणं जरा उशिरा झाली होती. २००४ च्या खिचडीचा परतावा अंगणवाडीच्या उंचीपट्टीवर वीस वर्षांनी दिसतो. पाच वर्षांनी निवडणुकीला सामोरं जाणाऱ्यांच्या ताळेबंदात तो कधीच येत नाही. म्हणून तर या खर्चाला कायद्याचं कुंपण लागतं.

बैठकीत विषय अंड्याचा आहे. राज्यानं २०२३ च्या अखेरीस आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्यांना केळं, असं ठरवलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठी निधी मिळणार नाही असा शासन निर्णय आला. द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या. गुरुजी कागद वाचून दाखवतात. सरपंच म्हणतात, "वर्गणी काढू की. वाढदिवसाला एकेकानं द्यावीत अंडी." चांगल्या मनानंच म्हणतात. ज्या गावात बागायतदार आहेत तिथे जमेलही. तुमच्या गावातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात. इथे वर्गणी कुणी कुणाकडे मागायची?

धान्य केंद्राकडून येतं. त्याखेरीज प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे मिळतात. त्यात २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल, मीठ-मसाला आणि गॅस बसवायचा. एक अंडंच जवळपास तेवढ्याचं. सरकारनं मुलांना जेवू घालावं की नाही, हा वाद या देशात न्यायालयानं आणि संसदेनं केव्हाच मिटवलाय. आता तो पैशांच्या दोन स्थळांमध्ये, रुपयाच्या टिंबानंतर, हळूच पुन्हा उकरला जातोय.

गुरुजी विचारतात, "ताई, ठरावात काय लिहू?"

तुम्ही सांगता, लिहा. लोकवर्गणी आली तर शाळेच्या रंगाला, बागेला, खेळाच्या साहित्याला घेऊ. मुलांचं जेवण वर्गणीवर ठेवायला ही समिती तयार नाही. अंड्याचा निधी शासनानं द्यावा, आणि दर बाजारभाव बघून दरसाल ठरवावा. खाली सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, एक आमदारांना पोच घेऊन द्या.