वर्धा जिल्ह्यांतील हातसूत आणि लोकर

नागपूर-हैद्राबाद मार्गास जेथें चंद्रपूरचा रस्ता फुटतो, तेथें समुद्रपूर तालुक्यांतील जाम हें गांव आहे. सभोंवतीं काळी जमीन आणि कापूस. जवळच्या हिंगणघाटचें नांव तर कापसानेंच गाजलें. अशा मुलुखांत लोकरीची गोष्ट काढणें वाचकांस अस्थानीं वाटेल. परंतु वर्ध्याच्या हातसुताचा इतिहास एकट्या कापसाचा म्हणून सांगितला जातो, हीच आमची तक्रार आहे.

चरखासंघ १९२५ सालीं स्थापन झाला. १९२९ सालीं त्यानें सुधारलेल्या चरख्यासाठीं १ लाख रुपयांचें बक्षीस लावलें, तें कापसाच्या सुताकरितां. ३० डिसेंबर १९३८ रोजीं गांधीजींनीं वर्ध्यास मगन संग्रहालय उघडलें. पुढें १९५६ च्या खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या कायद्यानें खादीच्या व्याख्येंत कापूस, रेशीम आणि लोकर या तिहींच्या हातसुतास जागा दिली. लोकांच्या मनांत मात्र खादी म्हणजे कापूसच राहिला.

वस्तुतः लोकरीचें हातसूत या चळवळीहून पुष्कळ जुनें. जामहून चंद्रपुराकडे गेलें कीं कुरमार धनगरांचा मुलूख लागतो. मेंढी कातरावी, लोकर पिंजावी, बायकांनीं सूत काढावें, ताण्यास चिंचोक्याची खळ द्यावी आणि मागावर घोंगडी विणावी, हा धनगरांच्या घरचा जुना क्रम. पश्चिमेकडे मागाचें काम सनगर करीत. काळा, तपकिरी, करडा हे रंग मेंढीच्याच अंगचे; रंगाऱ्याचें तेथें कांहीं काम नाहीं.

आपल्या भाषेंत मागावर कापड विणतात, बाज विणतात आणि सुयांवर स्वेटरही विणतात. क्रियापद एकच, पण सुयांचें विणकाम आपल्याकडे पाहुणें. मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळांनीं एकोणिसाव्या शतकांत त्याचा प्रसार केला, आणि पुढें घरोघरीं ‘लोकर’ म्हणजे दुकानांतला रंगीत गुंडा असाच अर्थ झाला. आज त्या गुंड्यांत पुष्कळदां मेंढीचा एक केसही नसतो. तो ॲक्रिलिकचा असतो!

धनगराची लोकर सुयांपर्यंत न पोंचण्यास कारणही होतें. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, अंगास टोंचणारी. तान्ह्या मुलाच्या टोपड्यास ती नको, हें आम्हीही मान्य करूं. परंतु आसनास, पिशवीस, थंडींत स्वेटरावरून घालावयाच्या बंडीस ती कां चालूं नये? शिवाय हातसूत सुयांवर घेतलें कीं सूत काढणारीचा हात बोटांस कळतो. कोठें पीळ अधिक बसलेला, कोठें धागा जाड सुटलेला. गिरणीच्या धाग्यावर सुया नुसत्या सरसर चालतात. येथें टांक्या-टांक्यास ताण पाहून हात सैल किंवा घट्ट करावा लागतो, आणि विणण्याची खरी गोडी, आमच्या मतें, तेथेंच आहे.

स्वस्त ब्लँकेटें आलीं आणि घोंगडीचें गिऱ्हाईक आटलें. आज पुष्कळ ठिकाणीं लोकर विकून कातरणीची मजुरीदेखील निघत नाहीं. मेंढी मात्र कातरावीच लागते. मग कातरलेली लोकर तेथेंच टाकून कळप पुढें निघतो.