गुंजीचा मध्यान्ह

वाचकहो, कधी सवड काढून गुंजीला माउलीच्या देवळासमोर उन्हात एक काठी रोवा. तिची सावली आखूडात आखूड होईल तेव्हा मनगटावर पाहा. बारा वाजून साधारण अर्धा तास झालेला असेल. घड्याळ बिघडलेले नाही. ते गुंजीचे नाही, इतकेच.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पूर्वेच्या गावाला सूर्य आधी दिसतो. 24 तासांत 360 अंश, म्हणजे अंशाला 4 मिनिटे. आपल्या जुन्या मापात 10 पळे. हे आपल्याकडे साहेबाने आणलेले ज्ञान नव्हे. लंकेत सूर्य उगवतो तेव्हा यमकोटीला मध्यान्ह, सिद्धपुराला सूर्यास्त आणि रोमकाला मध्यरात्र असते, हे भास्कराचार्यांनी 1150 मध्ये सिद्धांतशिरोमणीत मांडले, त्याआधी आर्यभटानेही. फरक एवढाच, की आर्यभट पृथ्वी फिरते म्हणाला आणि भास्कराचार्यांनी तिला स्थिर मानले. गणित मात्र दोघांचेही जुळले! उज्जयिनीच्या रेषेपासून आपले गाव किती दूर, ते पाहून जोशीबुवा देशांतर-संस्कार करीत. लग्नात घंगाळातले घटिकापात्र बुडे ते गावच्याच सूर्यावर मोजलेले असे.

हा हिशेब मोडला रेल्वेने. 1880 नंतरच्या दशकात सदर्न मराठा रेल्वेचा लोहमार्ग खानापूर, गुंजी, लोंढा असा गेला. त्या काळी देशभरच्या रेल्वेचे घड्याळ मद्रासच्या वेळेवर चाले. मद्रास ग्रिनिचच्या पुढे 5 तास 21 मिनिटे, मुंबई 4 तास 51; गुंजीचा स्वतःचा सूर्य सुमारे 4 तास 58 मिनिटांचा. म्हणजे गावात दुपार होई तेव्हा स्टेशनात बारा वाजून तेवीस मिनिटे झालेली. सावलीवर विसंबणाऱ्याची गाडी चुकलीच म्हणायची.

1 जानेवारी 1906 पासून साडेपाच तासांची प्रमाणवेळ आली. मुंबईने ती सुखासुखी घेतली नाही. गिरणी कामगारांनी विरोध केला, वर्तमानपत्रांत वाद पेटला, आणि त्या शहरात जुनी मुंबई वेळ 1955 पर्यंत तग धरून होती. आज आपल्याला तो हट्ट वाटतो. मला तो तसा वाटत नाही. कामगाराला 39 मिनिटे आधी अंथरूण सोडावे लागणार होते.

आता तुमच्या घरातला प्रश्न. न्यू जर्सीहून सून फोन करते, ‘आई, एकादशी नक्की कधी?’ आणि इथले कॅलेंडर पाहून आपण ठामपणे उत्तर देतो. तिथे चूक होऊ शकते. तिथी चंद्रसूर्यांच्या अंतरावर ठरते. ती जगभर एकाच क्षणी लागते. दिवसाची तिथी मात्र सूर्योदयाला असेल ती, आणि सूर्योदय ज्याचा त्याचा. समजा, गुरुवारी आपल्याकडे सकाळी साडेसातला एकादशी लागली आणि शुक्रवारी आठला संपली. गुंजीत सूर्य तोवर उगवून गेलेला, म्हणून आपला उपास शुक्रवारी. न्यू जर्सीत गुरुवारचा सूर्य आपल्यानंतर सुमारे दहा तासांनी उगवेल, तेव्हा एकादशी चालूच असेल. तिचा उपास गुरुवारी.

तेव्हा सूनबाईंनी आपल्या आधी उपास सोडला, तर रागावू नका. तिला तिथल्या सूर्योदयाचे पंचांग पाहायला सांगा.